साठ कोटी वर्षांची बातमी

विराटचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार चोवीस. त्या ऑगस्टातल्या एका शनिवारी दुपारी, बंगळूरच्या बसवनगुडीतल्या घरात त्याच्या बहिणीने, रक्षिताने, अज्जीच्या, म्हणजे आजी रत्नाबाईंच्या, मांडीवर एक छापील फोटो ठेवला. रक्षिता खगोलशास्त्राच्या संस्थेत काम करत होती.

लग्नाच्या सात दिवस आधी अज्जीचे थोरले भाऊ गिरीराज तंजावरला वारले होते. रत्नाबाईंचं हृदय नाजूक, म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दर रविवारी येणारा भावाचा फोन बंद झाला, तेव्हा “तंजावरच्या अज्जांचा फोन बिघडलाय” असं रक्षितानेच सांगून टाकलं होतं.

“हा ठिपका बघ, अज्जी. तारा फुटून मेलाय.”

“एवढासा?”

“एवढासा कसला! अब्जावधी सूर्यांचा उजेड आहे त्यात.”

रत्नाबाईंनी फोटोवरचं बोट उचललं.

“असले तारे जवळजवळ सारख्याच तेजाने फुटतात. आपल्या रस्त्यावरचे दिवे एकसारखे, पण लांबचा बारीक दिसतो ना? तसंच. किती बारीक दिसतो त्यावरून अंतर काढायचं.”

“मग हा किती लांब?”

“उजेड इथवर यायला साठ कोटी वर्षं लागली.”

“तेव्हा माणसं होती?”

“झाडंसुद्धा नव्हती.”

 रत्नाबाईंनी त्या ठिपक्याला हात जोडले.

“इतकी वर्षं चालत आली बातमी. वाटेत हरवली नाही.” त्या भिंतीला धरून उठल्या. “पाणी काढ. मेल्याचं कानावर आलं की अंगावर पाणी घ्यायचं.”

“ताऱ्याचं सुतक, अज्जी?” रक्षिताला हसू आलं.

“सुतक नाही ग. एवढ्या लांबून सांगायला आलाय, स्वल्प मान नको ठेवायला?”

नेसत्या साडीनिशीच त्या न्हाणीघरात पाटावर बसल्या. पहिला तांब्या त्यांनी डोक्यावर ओतला.

“हा त्याचा.”

दुसरा भरला आणि तसाच हातात धरला.

“साठ कोटी वर्षांपूर्वीचं सांगतेस. तंजावरचं कधी सांगणार?”

रक्षिताने दाराची चौकट धरली.

“तेरा रविवार झाले, बाळ. गिरीअण्णा कधी गेला?”

तिने सांगितलं. बादलीत नळाचं पाणी पडत राहिलं. रत्नाबाईंनी तांब्या सावकाश डोक्यावर नेला.

गिरीराज वारले ते नऊ मे रोजी, गुरुवारी, पहाटे.