वायरिंग कुणी केलं

डंकन स्कार्थ शाळेतून निवृत्त झाला, त्याच्या पुढच्याच महिन्यात इंग्लंडमध्ये लिंकनशरमधल्या त्याच्या घरापुढे एक ट्रक थांबला आणि सतरा खोकी उतरली. त्या खोक्यांत एक स्पोर्ट्‌स कार होती, सगळी सुटी. लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, दोन सीटा, आणि नटबोल्टांच्या असंख्य पुड्या. आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवता शिकवता स्वतःच्या हातांनी अशी बिनछपराची गाडी बांधायचं त्याच्या मनात होतं. त्याची बायको हेझेल हे इतक्यांदा ऐकून होती, की खोकी आल्यावर तिला बरंच वाटलं. एकदाचं सुरू तरी झालं.

पहिलं वर्ष झकास गेलं. सांगाडा उभा राहिला, चाकं लागली, मोडीत निघालेल्या एका गाडीचं इंजिन बसलं. मग वायरिंगची पाळी आली आणि डंकनचं घोडं अडलं. जन्मभर नकाशे वाचलेला माणूस वायरिंगचा तो एक नकाशा समोर धरून तीन आठवडे गॅरेजमध्ये बसून राहिला. शेवटी त्याने गाडीवर ताडपत्री टाकली आणि त्या विषयावर बोलणंच सोडलं. हिवाळा तसाच गेला.

हेझेलने बावीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात हेच काम केलं होतं. वायरी मापाने कापायच्या, टोकं दाबून बसवायची, जुडगे बांधायचे. ती तिथे नेमकं काय करते, हे डंकनने कधी विचारलं नव्हतं. लोकांना तो सांगायचा, हेझेल कारखान्यात असते.

फेब्रुवारीत तिनेच ताडपत्री काढली. मोडीतल्या गाडीच्या इंजिनासोबत आलेल्या जुन्या वायरी तिने जेवणाच्या टेबलावर पसरल्या, एकेकीला चिठ्ठी बांधली, निम्म्या फेकून दिल्या आणि सगळं नव्याने बांधायला घेतलं. सात महिने लागले. सांधे दुखायचे, चष्म्याचा नंबर वाढला, पण इतकी खूश ती कारखाना सुटल्यापासून झाली नव्हती. डंकन येऊन बघून जायचा, म्हणायचा, “तुला बरं जमतं हे.” सरकारी तपासणीत गाडी पहिल्या खेपेला नापास झाली ती आरशाच्या धारदार कडेमुळे. ती कड डंकनने घासली, आणि दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. दिव्यांबद्दल तपासनिसाने अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये अशा गाड्या बांधणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबचा मेळावा होता. एका मोठ्या कुरणात साठ-सत्तर गाड्या, सगळ्या घरी बांधलेल्या. परीक्षक होते सिरिल ओल्डरशॉ, ऐंशीच्या घरातले, कमी बोलणारे. त्यांनी डंकनच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिले.

“तीस वर्षं गाड्या बघतोय,” ते म्हणाले. “इतकं नेटकं वायरिंग पाहिलं नाही. कुणी केलं?”

हेझेल सँडविचचा डबा घेऊन शेजारीच उभी होती. तिने डबा खालीही ठेवला, हात मोकळे असावेत म्हणून.

“चिकाटी लागते, दुसरं काय,” डंकन म्हणाला. “आख्खा हिवाळा गॅरेजमध्ये काढला.”

संध्याकाळी त्याला कप मिळाला. एकट्याने बांधलेल्या सर्वोत्तम गाडीचा. कप हातात घेऊन त्याने बायकोचे आभार मानले, की तिने वेळेवर चहा दिला आणि त्याला सहन केलं. लोक हसले, तिच्याकडे वळून त्यांनी टाळ्या वाजवल्या. तीही हसली. त्या हसण्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

परतीच्या वाटेवर तिने विचारलं, खरं का नाही सांगितलंस. तो म्हणाला, एकट्याने बांधलेल्या गाडीचा कप होता, मग तो मिळाला नसता. आणि तुला कुठे आवडतं चारचौघांत पुढे यायला. वारा इतका होता की पुढचं तिला ऐकूच आलं नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही.

प्रकरण तिथेच संपलं असतं. पण सप्टेंबरात ओल्डरशॉंचा फोन आला. नव्या सभासदांना वायरिंगची धास्ती वाटते, तर डंकनने गावच्या हॉलमध्ये तासभर समजावून सांगावं. डंकन हो म्हणून बसला. मग चहा घेऊन तिच्यासमोर आला, आयुष्यात पहिल्यांदा.

“मला शिकव ना,” तो म्हणाला. “थोडक्यात. त्यांच्यापुढे बोलण्यापुरतं.”

नाही म्हणायला हवं होतं. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे काही शिकायला मागितलं नव्हतं, आणि तेवढ्याने ती विरघळली. आठ दिवस तिने त्याला शिकवलं, चित्रं काढून दिली, कार्डांवर मुद्दे लिहून दिले. त्याने ते पाठ केले. त्याची पोरं नद्यांची नावं पाठ करायची, तसे.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. हेझेल शेवटच्या रांगेत बसली. डंकन छान बोलला. बोलणं हा त्याचा धंदाच होता. तिचीच वाक्यं त्याच्या तोंडून ऐकताना क्षणभर तिलाही वाटलं, हा माणूस जाणकार आहे.

मग ग्लेन नावाचा एक पोस्टमन उठला. म्हणाला, “मी सिग्नल दिला की माझे ब्रेकचे दिवेही मंद लुकलुकतात. कशामुळे असेल?”

हे कार्डांवर नव्हतं. कारखान्यात नवी आलेली पोरगीसुद्धा सांगू शकली असती. फायबरमधून वीज परत जात नाही, दिव्याची परतीची वायर सैल असली की ती दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. डंकनने कार्डं उलटीपालटी केली. मग हॉलच्या टोकाला बसलेल्या हेझेलकडे बघितलं. हळूहळू सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ओल्डरशॉंचीही.

हेझेलने मांडीवरची पर्स उघडली आणि रुमाल शोधू लागली.

“बल्ब बदलून बघा,” डंकन म्हणाला.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ग्लेन गोंधळून खाली बसला. ओल्डरशॉंनी आभार मानले, दोनच वाक्यांत. चहाच्या वेळी डंकनभोवती कुणी थांबलं नाही. गप्प राहिल्याची गोडी हेझेलला जेमतेम घराच्या दारापर्यंत पुरली. आत डंकन कोट न काढता खुर्चीत बसला होता, आणि तिला दिसलं की आपण त्याला पाडलं खरं, पण आपल्या हाती काहीच लागलेलं नाही. वायरिंग तिचं आहे, हे अजूनही कुणाला माहीत नव्हतं. डंकनला वायरिंग येत नाही, एवढंच सगळ्यांना कळलं होतं.

तो क्लबात पुन्हा गेला नाही. तिच्याशी बोलायचा ते हवापाण्याचं आणि बाजारहाटाचं. ऑक्टोबरात त्याने तिला न विचारता गाडीची जाहिरात दिली.

घ्यायला आलेला माणूस ग्रँथमचा होता. त्याने बॉनेट उघडून आत बघितलं आणि शीळ घातली. हेझेल गाडीचे कागद घेऊन बाहेर आली, तेव्हा तो विचारत होता, “हे वायरिंग कुणी केलंय?”

डंकनने तिला येताना पाहिलं होतं.

“पैसे देऊन करून घेतलं,” तो म्हणाला. “होता एक माणूस. आता तो हे काम करत नाही.”

हेझेलने कागद त्या माणसाच्या हातात दिले. सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. मग आत जाऊन बटाटे सोलायला बसली. गाडी सुरू होऊन कोपऱ्यावर वळल्याचा आवाज तिने ऐकला, पण खिडकीकडे ती गेली नाही.