तहान नसलेली रोपं

"मामा, ती झारी आधी खाली ठेवा. बुडवून मारताय हो बिचाऱ्यांना!"

मुकादमबाईंनी पिशवी फाडून सागाचं रोप वर धरलं. मुळं काळी पडून कुजली होती. रोपवाटिकेतल्या सगळ्यांच्या लाडक्या मामांचा चेहरा पार उतरला.

"पानं गळली होती सगळी. मला वाटलं, तहानलीत."

"अहो, हे पानझडीचं रान. साग, ऐन, धावडा, सगळे उन्हाळ्यात पानं टाकून गप्प उभे राहतात. हे बघा." बाईंनी शेजारच्या रोपाची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं. "जिवंत आहे. त्याचं त्याला राहू द्या."

मामांचा जन्म गेला सदाहरित जंगलात. नागकेशर, जांभूळ, फणस. बारा महिने हिरवंगार. तिथे रोपाची पानं झडली की ते गेलंच म्हणून समजायचं. शिवाय हात आखडता घेणं मामांच्या स्वभावातच नव्हतं. जावई वारल्यावर लेक एकटी पडली, म्हणून वनखात्यातली निवृत्ती तोंडावर असताना बदली मागून ते इथे तिच्याकडे राहायला आले आणि तेव्हापासून तिच्या मागे हात धुऊन लागले होते. जेवलीस का, झोपलीस का, चल जरा फिरून येऊ. तिचे डोळे भरले रे भरले की यांचा एखादा विनोद तयार.

काल तिने शांतपणे सांगितलं होतं, "बाबा, असंच चाललं ना, तर मी दुसरीकडे खोली बघते."

आज संध्याकाळी मामा घरी आले तर तिच्या खोलीचं दार लोटलेलं. सवयीने त्यांनी दोन कप चहा केला, दारापाशी नेला, हाक मारायला तोंडही उघडलं.

आतून हुंदका आला. मग दुसरा. मग ती मोठ्याने, अगदी लहानपणी रडायची तशी रडू लागली. जावई गेल्यापासून पहिल्यांदाच.

दार ढकलायला मामांचा हात पुढे गेला. हाताच्या नखांत रोपवाटिकेतली माती होती. तो हात त्यांनी मागे घेतला आणि दाराबाहेरच्या स्टुलावर दोन्ही कप मांडीवर धरून बसले.

आतलं रडणं बराच वेळ चाललं. मामा हलले नाहीत. दोन्ही कपांवर साय धरली होती.