पडवीतलं पिंप

सासूनं भंगारवाल्या तोक्तोसुनला परस्पर निरोप धाडलाय, हे कालिपाला सकाळच्या चहाला कळलं. तेही कसं? सासूबाईंनी, म्हणजे ऐमकान आपानं, वाटीतला दुधाचा चहा फुंकत फुंकत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगून टाकलं.

"दुपारी त्याची गाडी येईल. ते पिंप घेऊन जाईल."

"कुठलं पिंप?"

"पडवीत दुसरं कुठलं आहे? तुझ्या आईचं."

कालिपाच्या हातातला नानचा तुकडा हातातच राहिला.

आता हे पिंप म्हणजे खरं तर कपडे धुवायचं मशीन. गोल, पांढरं, कमरेएवढं उंच. वरचं झाकण उघडायचं, बादलीनं पाणी ओतायचं, की तळाची चकती गरगर फिरून कपडे घुसळून काढायची. काठावर कपडे पिळायला दोन रबरी रूळ. नळाला जोडायची भानगडच नाही आणि तेच बरं, कारण गल्लीच्या टोकाचा हातपंप सोडला तर या गावात नळ आहेच कुठे!

कालिपाची आई सोव्हिएत काळात सामूहिक शेतावर गायींचं दूध काढायची. एका वर्षी तिच्या गायींनी सगळ्या जिल्ह्याला मागं टाकलं, आणि भर सभेत टाळ्यांच्या कडकडाटात तिला हे मशीन बक्षीस मिळालं. बाईनं ते एकदाही चालवलं नाही. खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. लेकीच्या रुखवतात दिलं आणि स्वतः मरेपर्यंत कालव्याच्या बर्फगार पाण्यात कपडे बडवत राहिली.

आणि सासरी त्याचं कौतुक काय झालं? रुखवताच्या गाड्यातून गाद्या उतरल्या, रजया उतरल्या, बायकांनी वाहवा केली. मागून हे मशीन उतरलं तशी ऐमकान आपा भर अंगणात म्हणाली, "अगं बाई! सुनेचे हात लोण्याचे आहेत वाटतं. पाण्यात घातले की विरघळतात!" सगळं अंगण खो खो हसलं. पोचवायला आलेली आईही हसली, पण तिचा उतरलेला चेहरा कालिपानं पाहिला होता. त्या दिवसापासून मशीनचं नाव पडलं पिंप आणि विहिणीचं नाव पडलं पिंपवाली. पिंपवाली वारली, तिचं घर भावांनी विकलं, गायी तर कधीच गेल्या होत्या. आईच्या हातून आलेली एवढी एकच वस्तू कालिपाकडे उरली होती, आणि ती म्हणे भंगारात घालायची!

"रविवारी तुझ्या लेकीच्या, बेगायिमच्या, होणाऱ्या सासरची माणसं सोयरीक पक्की करून तिच्या कानात डूल घालायला येताहेत," आपा म्हणाली. "त्यांनी पडवीत पाय ठेवला की आधी ते गंजकं धूड बघायचं का? हेमंतापासून बंद पडलंय. नुसतं घूं करतं आणि पायाशी मुततं."

"आपा, गाडी यायच्या आत ते फिरलं तर?"

"फिरलं तर राहील. माझा शब्द." मग शेजारी बसलेल्या मुलाकडे बोट दाखवून म्हातारी म्हणाली, "पण हा हात लावणार असेल, तर मी आत्ताच फाटक उघडून ठेवते. गाडी सरळ आत येऊ दे."

सोवेतबेक, म्हणजे कालिपाचा नवरा, गाल फुगवून बसला. त्यानं मशीन दोनदा मागून खोललं होतं आणि दोन्ही वेळा जोडून झाल्यावर त्याच्या खिशात स्क्रू उरले होते.

कालिपानं चहाची वाटी उपडी केली, डोक्याचा रुमाल घट्ट आवळला आणि पडवीत आली. मशीन आडवं करायला जुनी रजई अंथरली.

"आधी पिन काढा," ती नवऱ्याला म्हणाली.

"बटण बंद आहे की."

"मागच्या खेपेलाही बंदच होतं. आणि तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन पडला होतात."

सोवेतबेकनं मुकाट्यानं पिन काढली.

आपा टकळी घेऊन बाकावर येऊन बसली. हातातली टकळी फिरत होती, तोंडाचीही फिरत होती. "मी या अंगणात आठ पोरांचे लंगोट पत्र्याच्या टबात धुतले. कधी टब बिघडला? कधी टबाला स्क्रू लागला?"

कालिपानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चकतीचा मधला बोल्ट गंजून दगड झाला होता. तिनं त्यावर रॉकेल सोडलं. आता थांबायचं. थांबणं म्हणजे काय शिक्षा असते ते त्या दिवशी तिला कळलं! रस्त्यावर कुठे ट्रॅक्टर जरी धडधडला तरी ती उठून फाटकाबाहेर डोकावून येत होती. शेवटी तिनं पाना लावला, सोवेतबेकनं लाकडी मोगरी हाणली, पुन्हा हाणली, आणि बोल्ट करकर करत सुटला. चकती हातात आली.

चकतीच्या खाली, दांड्याला करकचून आवळून, एक करडं कडं बसलं होतं. चपलेच्या तळव्याइतकं घट्ट. कालिपानं बोटानं दाबून पाहिलं, नखानं खरवडलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, हा तर नमदा आहे!"

झालं होतं असं. हेमंतात तिनं लेकीच्या गाद्यांसाठी लोकर धुवायला घेतली, तेव्हा ती पिशवीत न बांधता तशीच मोकळी आत टाकली होती. गरम पाणी, साबण आणि सतत चोळणं. नमदा तरी दुसरा कशानं होतो? जन्मभर अंगणात लोकर अंथरून, त्यावर गरम पाणी शिंपडून, लाटून लाटून नमदे करणाऱ्या बाईला हे सुचू नये! लोकरीचे सुटे केस चकतीखाली गेले, दांड्याभोवती गुंडाळले आणि मशीननं आपल्या पोटात आपल्याच गळ्याचा फास विणला.

"बघू," आपा म्हणाली. टकळी थांबली होती. कालिपानं सुरीनं ते कडं कापून तिच्या हातात दिलं. म्हातारीनं ते वाकवलं, ताणलं, उजेडात धरलं. "बसलाय मात्र छान," असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच तिनं तोंड वाकडं केलं. "म्हणजे तुझ्यापेक्षा पिंपाला बरं जमतं."

पण खरं संकट पुढंच होतं. कडं निघालं तसं त्याच्याखालचं रबर दिसलं. दांडा जिथून टाकीत शिरतो तिथलं पाणी अडवणारं रबरी वायसर चिरफळ्या होऊन गेलं होतं. गळती होती ती हीच.

"संपलं," सोवेतबेक म्हणाला. "हे रबर आता अख्ख्या नारीनच्या बाजारात मिळायचं नाही. असल्या मशीनच्या सुट्या भागांचं मी मागंच विचारून आलोय. ज्या कारखान्यात हे बनलं तो कारखानासुद्धा राहिला नाही, कालिपा."

बोलताना त्याचा आवाज खरंच हळवा झाला होता. कालिपा रजईवरच फतकल मारून बसली. आई पाहुणी म्हणून यायची ते तिला आठवलं. चहा बाजूला ठेवून ती मशीनपाशी बसायची, झाकणावर तळहात टेकायची आणि त्याची थरथर अंगात घेत राहायची. चहा निवून जायचा.

छे! असं कसं संपेल?

"रबर नाही तर नाही," ती उठत म्हणाली. "पाऊस तंबूच्या नमद्यातून कधी गळतो का? चरबीत मुरवलेल्या नमद्यातून पाणी जात नाही."

तिनं आपाकडून तेच कडं परत घेऊन त्यातून वायसराएवढी नमद्याची चकती कापली, मेंढीच्या शेपटीची चरबी कढईत वितळवली, चकती तिच्यात बुडवली, दांड्याभोवती बसवली, वरून सगळं जोडलं. मशीन उभं केलं. एक बादली पाणी ओतलं. सोवेतबेक पालथा पडून खाली बघत राहिला.

"कोरडं... कोरडं... अरे अरे अरे!"

पाण्याची धार लागली होती. थेट त्याच्या बाहीत.

बाकावरून हसण्याची खसखस ऐकू आली. कालिपाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. रागानं की रडू येऊन, तिचं तिलाच कळेना. "हसा," ती म्हणाली. "हसा तुम्ही. माझी आई असतानाही हसलात, आता ती नाही तरी हसा."

एवढ्या वर्षांत कालिपा सासूला असं कधी बोलली नव्हती. सोवेतबेक बाही पिळायचं विसरला. आपानं टकळी मांडीवर ठेवली आणि त्या ओल्या पडवीकडे पाहिलं.

"कापून लावलीस ना?" ती अखेर म्हणाली.

"मग काय करू?"

"कापलेला नमदा कडेनं उसवतो, हे तुला मी सांगायचं? जोडाची चकती पाणी धरणार नाही. कडं सलग हवं. दांड्याच्या मापानंच वळलेलं." ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "लोकर आण. मानेजवळची, बारीक. आणि पाणी कढत हवं, कोमट आणलंस तर ओतून देईन. ए सोवेतबेक, दांड्याच्या जाडीचा दांडका शोध. नेमका त्या जाडीचा! अंदाजानं नको, तुझा अंदाज मला माहीत आहे."

"आपा, तुम्ही..."

"मी काही पिंपासाठी करत नाही. या घरातला नमदा गळतो असं गावात बोलणं व्हायला नको, म्हणून."

आणि मग म्हातारीनं बाह्या सरसावल्या. काय ते हात! गाठाळलेले, वाकडे झालेले, पण लोकरीला लागले की वयच विसरणारे. तिनं दांडक्याभोवती लोकरीचा पातळ पदर गुंडाळला, त्यावर उलट बाजूनं दुसरा, कालिपानं वरून वाफाळतं पाणी सोडलं, साबण चोळला, आणि दोघी समोरासमोर बसून तळहातांखाली तो दांडका लाटू लागल्या. एकीनं ढकलायचा, दुसरीनं परत पाठवायचा. अशा दोघी मिळून त्यांनी घरातले सगळे नमदे केले होते, भांडत भांडतच. आजही आपा म्हणत होती, "जोर लाव, जोर! कुणाच्या अंगाला तेल लावत्येस का?" आणि कालिपा म्हणत होती, "तुम्हीच एका बाजूला ओढताय." लोकर आकसत गेली, घट्ट होत गेली. अखेर दांडक्यावर बोटाएवढं रुंद, गुळगुळीत, कुठेही जोड नसलेलं कडं उरलं.

ते चरबीत बुडलं तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून हाळी आली. "लोखंडऽऽ! जुनं लोखंडऽऽ!"

मग जी धांदल उडाली! कालिपानं गरम कडं फुंकत फुंकत दांड्यावर सारलं, बोटं भाजली तरी सोडलं नाही. सोवेतबेकनं चकती बसवली, बोल्ट आवळला. या खेपेला त्याच्या खिशात एकही स्क्रू उरला नाही, हे त्यानं दोन्ही खिसे उलटे करून आईला दाखवलं. बादल्या रिकाम्या झाल्या, साबण पडला. आपानं डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला, दुसऱ्या कुणाच्या हाताला जो ती कधी लागू द्यायची नाही तोच, आणि पाण्यात टाकला. फाटकाशी गाडी उभी राहिली. तोक्तोसुन दोर घेऊन आत आला.

"सलाम, आपा! कुठंय माल?"

"थांब जरा," आपा म्हणाली. "लाव रे पिन."

सोवेतबेकनं पिन लावली. कालिपानं बटण फिरवलं.

घूंऽऽ.

घूंऽऽऽ.

आणि मग आत काहीतरी खडबडलं, सुटलं, पाण्यानं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि पांढरा रुमाल फेसात गरागरा फिरायला लागला!

"फिरलं!" कालिपा ओरडली. "आपा, फिरलं!"

सोवेतबेक पुन्हा पालथा पडला होता. "कोरडं!" तो खालून बोंबलत होता. "कोरडं ठाक! थेंब नाही!" आणि तो तसाच पडल्या पडल्या हसत सुटला. परसातल्या कोंबड्या बिचकून कुंपणावर चढल्या.

तोक्तोसुन दोर हातात धरून बघत उभा होता. "आपा, अहो, मी एवढ्या लांबून आलो. मग या पिंपाचं काय?"

आपा मशीनजवळ गेली. तिनं झाकण लावलं आणि त्यावर तळहात टेकला. तळहात थरथरायला लागला, तरी तिनं तो उचलला नाही. कालिपा बघतच राहिली.

"पिंप कुणाला म्हणतोस रे?" म्हातारी म्हणाली. "माझ्या विहिणीचं मशीन आहे हे. सगळ्या जिल्ह्यात पहिली आली होती ती. टाळ्या वाजवून दिलंय तिला."

तोक्तोसुनला काही कळलं नाही, पण कालिपाला सगळं कळलं. तिनं रुमालाचं टोक तोंडात कोंबलं तरी हुंदका फुटलाच. या अंगणात हसं झालेल्या तिच्या आईला याच अंगणात, त्याच तोंडानं, विहीण म्हटलं गेलं होतं.

"रडतेस काय, सूनबाई? रुमाल पिळायला कोण येणार, मी?" आपा खेकसली. मग तोक्तोसुनकडे वळून म्हणाली, "आणि तू रिकाम्या हातानं जाऊ नकोस. तो बघ, भिंतीला टेकून ठेवलाय. तो टब ने."

"आई, तुझा टब?" सोवेतबेक उठून बसला. "आठ पोरांचा?"

"पोरं मोठी झाली," आपा म्हणाली.

तोक्तोसुननं टब गाडीत फेकला तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा खणखणाट झाला. म्हातारीनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ती बाक ओढून मशीनपाशी बसली होती, हात अजून झाकणावरच.

"कालिपा, लोकर आता उशीच्या अभ्र्यात शिवून घाल, समजलं? आणि ऐक. रविवारी ती मंडळी आली की चहाच्या आधी हे चालू करायचं. त्यांच्यासमोर. बेगायिमची आजी कोण होती, ते बघू देत त्यांना."

कालिपानं आत जाऊन दोन वाट्या चहा आणला आणि सासूच्या शेजारी बसली.