बकुळाची मांडणी

माझगावला भाचीच्या बाळाचं बारसं होतं. जाईबाई दोन दिवस तिकडे राहिली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लालबागला आपल्या चाळीत परतली. पदर खोचून ती शेगडीपुढे बसली, शिजत्या डाळीत मीठ घालायला डावीकडे हात नेला, आणि बोटांना बरणीऐवजी कोळशाचा चिमटा लागला. उजवीकडे चाचपलं तर तिथं पिठाचा डबा. वरच्या फळीवर तांदूळ असायचा, तिथं पातेली उपडी घातलेली.

आधी तिला वाटलं, आपण चुकून शेजाऱ्यांच्या खोलीत शिरलो. मग मागून सुनेचा आवाज आला.

"सगळं नव्यानं लावलंय, आत्या," बकुळा म्हणाली. "आमच्या खात्यात सुतानं भरलेल्या कांड्या एका हाताला, रिकाम्या दुसऱ्या हाताला. जागचं उठावं लागत नाही. तसंच केलंय. रोज लागतं ते बसल्या जागी हाताशी, कधीमधी लागतं ते वर."

बकुळा गिरणीत वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. पहिली पाळी, सातचा भोंगा. साडेसहाला घर सोडायचं तर त्याआधी नळाचं पाणी भरायचं, चहा करायचा, नवऱ्याचा आणि स्वतःचा डबा बांधायचा. शिवाय गावाकडचे चार गिरणीकामगार खानावळीला होते, त्यांचं रांधणं जाईबाईकडे. मोरी, शेगडी, पाण्याचं पिंप आणि दोन फळ्या एवढ्याच जागेत दोन बायका रोज सकाळी एकमेकींना कोपरं मारत वावरत. पळी कुठाय, झाकण कुठाय, करता करता बकुळाचा भोंगा दोनदा चुकला होता. फाटक बंद झालं की दिवस गेला. म्हणून तिनं हे केलं होतं. दुसऱ्या कुठल्या सासूनं चार बायकांत तिचं कौतुक केलं असतं.

जाईबाई म्हणाली, "मी मेल्यावर लावायचं होतंस. एवढी कसली घाई झाली गो तुला?"

खरी गोष्ट तिला सांगता येत नव्हती. गेली दोन वर्षं तिच्या डोळ्यांवर पडदा चढत होता. आधी सुईत दोरा जाईना, मग माणसांचे चेहरे पुसट झाले, आणि आता उजेडाच्या बाजूला माणूस उभा आहे एवढंच कळे. तरी चार परक्या माणसांना ती रोज वेळेवर जेवू घालत होती. पंचवीस वर्षांच्या सवयीनं तिच्या हाताला सगळं पाठ होतं. मीठ डावीकडे वीतभर, तिखट त्याच्यामागे, हळद कोपऱ्यात. उरलेलं नाक सांगे. बकुळानं डबे हलवले नव्हते, जाईबाईचे डोळेच काढून घेतले होते.

आणि डोळे गेलेल्या म्हाताऱ्या बाईचं पुढं काय होतं हे जाईबाईला पक्कं माहीत होतं, कारण ते तिनं स्वतः केलं होतं. तिची सासू सुंदराबाई आंधळी झाली तेव्हा जाईबाईनंच नवऱ्यामागे टुमणं लावलं होतं की एवढ्याशा जागेत ही पायात येते, शेगडीपाशी कधी पदर पेटेल हिचा, हिला गावाला दिरांकडे पाठवा. भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसताना म्हातारी जाईबाईचा हात घट्ट धरून बसली होती, आणि जाईबाईनं तो सोडवून घेतला होता. गावच्या पडवीत म्हातारीनं एक पावसाळाही काढला नाही.

त्या दिवसापासून घरात युद्ध सुरू झालं. बकुळा साडेसहाला गेली की जाईबाई एकेक डबा चाचपून, हुंगून, जुन्या जागी नेऊन ठेवी. साडेतीनला पाळी सुटून बकुळा आली की तोंडातून शब्द न काढता सगळं पुन्हा आपल्या रीतीनं लावी. भांड्यांचे आवाज मात्र दोघीही मुद्दाम मोठे करत. एकदा जाईबाईनं पळ्या-उलथनी पाण्याच्या पिंपामागं टाकली. दुसऱ्या दिवशी बकुळानं सासूचा पानाचा डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. "कधीमधी लागणारी वस्तू ना," ती म्हणाली.

जयवंत, म्हणजे जाईबाईचा मुलगा आणि बकुळाचा नवरा, या सगळ्यातून अंग काढून घेई. तसाही तो घरात थोडाच असे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटत होतं, गिरणगाव पेटलं होतं. पाळी सुटली की तो सभेला, नाहीतर भिंती रंगवायला.

जानेवारीत एका संध्याकाळी रेडिओवर निर्णय आला, मुंबई वेगळीच राहणार, आणि दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद पडल्या. रस्त्यावर दगड, लाठ्या, मग गोळ्या. संचारबंदी लागली. बकुळा दिवसभर घरात आणि जाईबाईही घरात. जुन्या जागी काही ठेवायला आता वेळच सापडेना. सुनेच्या पावलांचा कानोसा घेत जाईबाई नाकानं स्वयंपाक करत होती. हाताला आलं ते आधी नाकाशी न्यायचं, मग पातेल्यात टाकायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाळीच्या तोंडाशी पोलिसांनी अश्रुधुराचे गोळे फोडले. खिडक्या लावून घेतल्या तरी धूर आत आलाच. सगळ्यांच्या नाकातोंडातून पाणी वाहू लागलं. तेवढ्यात जिना दणाणला, आणि जयवंत खानावळीतल्या रामदासला खांद्यावर टाकून घेऊन आला. मागून खानावळीतले बाकीचे तिघंही आत घुसले. पळताना पत्र्याच्या कुंपणावरून उडी मारली होती रामदासनं. पोटरी वीतभर फाटली होती.

"आये, हळद आण," जयवंत ओरडला. "मूठभर आण."

बकुळा पिंपातून पाणी काढत होती. जाईबाई शेगडीजवळच बसली होती. "मी देते" म्हणून तिनं कोपऱ्यात हात घातला. हाताला बरणी आली. सवयीनं ती नाकाशी नेली, पण नाक धुरानं बंद. विचारायचं कसं, की यात काय आहे म्हणून? जयवंत पुन्हा ओरडला. तिनं मूठ भरली, रामदासच्या पायाशी आली, आणि जखमेत दाबून धरली.

रामदासनं जो आवाज काढला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. हाता-पायाला धरलेल्या दोघांना त्यानं झटकून टाकलं.

बकुळानं तांब्यावर तांबे जखमेवर ओतले. पाणी लालभडक वाहत मोरीकडे गेलं, त्यात रक्त किती आणि तिखट किती ते कळत नव्हतं. मग तिनं न पाहता हात मागं नेला, हळदीची बरणी घेतली, जखम भरली आणि आपलं जुनं लुगडं फाडून बांधली.

"हळदीच्या जागेवर तिखट कुणी ठेवलं?" जयवंतनं विचारलं.

जाईबाईच्या हाताची आग होत होती. तिनं बोटं पदरात लपवली आणि म्हणाली, "मला काय विचारतोस? जागा बदलणारी ती उभी आहे बघ."

जयवंतनं बकुळाच्या थोबाडीत मारली. चार माणसांसमोर. बकुळानं गालाला हातही लावला नाही. ती कुणाकडे बघत होती हे जाईबाईला दिसलं नाही, पण आपल्याकडेच बघते आहे हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत शेजारच्या खोलीत रामदासजवळ बसायला गेला. बकुळानं दार लोटलं, खिडकी सताड उघडली, सासूला उन्हात बसवलं आणि तिच्यापुढं दोन वाट्या ठेवल्या.

"यातली हळद कुठली?"

जाईबाईनं हात पुढं केला. बकुळानं मनगट धरलं. "वास नाही घ्यायचा. बघून सांगा."

दोन सारख्याच धूसर वाट्या. जाईबाईनं दोन्ही वाट्या ढकलून दिल्या.

"कधीपासून?" बकुळानं विचारलं.

"दोन वर्षं."

"म्हणून सगळं परत जागच्या जागी नेत होतात. सांगायचं होतंत. मी तुम्हाला खाष्ट समजत होते."

"आणि आता काय समजतेस?"

"तेच," बकुळा म्हणाली. "काल माझ्या थोबाडीत बसली तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. ते कळायला काही डोळे लागत नाहीत."

"सांग जा नवऱ्याला. धाडा मला गावाला."

"सांगेन. मला वाटेल तेव्हा सांगेन."

पण तिनं सांगितलं नाही, आणि तेच जाईबाईला सोसेना. जयवंत घरात आला की तिचे कान सुनेच्या तोंडाकडे लागत. सांगायचं सोडून बकुळा रोज दुपारी तिला शेगडीपुढं बसवी, मनगट धरून एकेका बरणीवर आपटल्यासारखा हात ठेवी आणि वदवून घेई. हे मीठ, याला रुंद बूच. हे तिखट, याच्या गळ्यात सुतळी बांधलीय. ही हळद, हिला काही नाही. तांदळाचं माप डब्यातच, बाहेर काढायचं नाही. पळी खिळ्याला, खिळा कानाच्या उंचीवर.

"मनगट दुखतंय माझं," जाईबाई म्हणाली.

"दुखू दे. ध्यानात राहील."

चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. गिरणीत नव्या बाईला जॉबर शिकवतो तसं, दयामाया नाही. जाईबाईनं मनातल्या मनात तिला ठेवणीतल्या सगळ्या शिव्या दिल्या, पण सुतळीची गाठ बोटांनी लक्षात ठेवली.

संचारबंदी उठली. भोंगा वाजला, बकुळा कामाला गेली, आणि जाईबाईनं एकटीनं चौघांचा स्वयंपाक केला. एकदाही उठावं लागलं नाही, एकही बरणी हुंगावी लागली नाही. माणसं जेवायला यायच्या आत भात उतरला होता. ती रिकाम्या हातांनी बसून राहिली आणि तिला आनंदाऐवजी संताप आला. त्या कारटीचं बरोबर होतं. आणि आता हे घर, ही शेगडी, ती स्वतः, सगळं त्या कारटीच्या मुठीत होतं. ती कधी तोंड उघडेल याची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच उघडलेलं बरं.

संध्याकाळी जयवंतचं जेवण होत आलं तेव्हा तिनं सांगून टाकलं. "मला दिसत नाही, जयवंता. दोन वर्षं झाली. तिखट मीच उचललं. तुझ्या बायकोनं मार खाल्ला तो माझा होता."

जयवंतनं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाला, "मग आये, तू शिमग्याला गावाला जा. काका आहे तिकडे. इथं शेगडीपाशी कधी पदर पेटेल तुझा, कळणारही नाही."

अगदी हेच शब्द. तिच्या नवऱ्यानं सुंदराबाईला हेच सांगितलं होतं, आणि ते त्याला जाईबाईनंच शिकवले होते.

"त्या कुठं जाणार नाहीत," बकुळा मोरीतून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये नाही, शेवटचं बोलतेय. मी साडेसहाला बाहेर पडते. चार माणसांचं कोण रांधणार, तुम्ही? आज सगळा स्वयंपाक त्यांनी केला, काही कमीजास्त लागलं का कुणाला? आठ दिवस मी उगाच घसा कोरडा केलेला नाही." तिनं ताट आपटलं. "आणि त्या दिवशी हात उचललात तो चुकीच्या माणसावर. त्याचं अजून काही बोलला नाहीत. ते बोला आधी."

जयवंत उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. पण गावाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

आत दोघी उरल्या. जाईबाईनं चाचपत पळी खिळ्याला अडकवली.

"उपकार म्हणून ठेवत असशील तर नको," ती म्हणाली.

"उपकार कसले? तुम्ही गेलात तर मला काम सोडावं लागेल," बकुळा म्हणाली. "मला काम सोडायचं नाही."

फाल्गुनात एका सकाळी बकुळानं खाडा केला आणि सासूला परळच्या इस्पितळात घेऊन गेली. बाकावर दोन तास बसल्या. डॉक्टरनं बत्ती डोळ्यात मारून पाहिलं आणि म्हणाला, मोतीबिंदू आहे, काढता येईल, पण अजून पिकलेला नाही. दिवाळीनंतर या.

"म्हणजे अजून आठ महिने," बकुळा बाहेर येताना म्हणाली.

"तुझा एक दिवस फुकट गेला."

"गेलाच."

रस्त्यावर ऊन होतं, ट्रामची घणघण होती, माणसांचे ठिपके इकडून तिकडे पळत होते. जाईबाईला वाटलं, ही आता हात धरील, आणि धरला तर झटकायचा हेही तिनं ठरवून ठेवलं. पण बकुळानं हात धरला नाही. ती दोन पावलं पुढं चालू लागली, आणि मागं न बघता, कोरड्या आवाजात, मोठ्यानं सांगत गेली. पायरी. खड्डा. डावीकडे हातगाडी. थांबा. चला.

जाईबाई त्या आवाजामागून चालत राहिली.