आगीकडे तोंड करून

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. घराच्या छपराचा नव्हे बरं का, विमानाचा! सांबऱ्याजवळच्या एका शेडमध्ये दोन माणसांचं छोटंसं, म्हातारं विमान आहे. त्याचं इंजिन पुढे, माणसं मागे आणि मधे उभा मी. मला फायरवॉल म्हणतात. इंजिनाला आग लागली तर ती माणसांपर्यंत पोचू द्यायची नाही, हे माझं काम.

विमानाचं बाकी अंग अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं आणि चकचकीत. पण पेट्रोलच्या आगीत अ‍ॅल्युमिनियम वितळतं, म्हणून माझ्या जागी स्टेनलेस स्टील लागतं. जाडीला मी तुमच्या जेवणाच्या ताटाएवढासुद्धा नाही. एवढ्याशा पत्र्याच्या भरवशावर माणसं आभाळात जातात, याचं मला आजही नवल वाटतं.

मधली कित्येक वर्षं विमान कडब्याच्या गंजीशेजारी पडून होतं. उंदरांनी माझ्या पाठीशी संसार थाटले. मग बेळगावच्या कल्याणीताईंनी ते घेतलं. माझ्यावर जुन्या काळचं अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर होतं. त्याची धूळ छातीला घातक, म्हणून त्यांनी ते जाणकारांकडून काढून घेतलं. मदतीला सांबऱ्याचे महादेवआप्पा आले. त्यांची उभी हयात ट्रकच्या गॅरेजात गेलेली.

खंडेनवमीला आप्पांनी विमान धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. ट्रकात असतो तसा गणपतीचा फोटो आत लावला आणि त्याच्यापुढे लाल दिवा. बॅटरी होती इंजिनाच्या बाजूला. वायर आणायची कुठून? आप्पांनी ड्रिल घेतलं आणि मला आरपार भोक पाडलं! मला ओरडता आलं असतं, तर मी शेड डोक्यावर घेतली असती.

दोन दिवसांनी कल्याणीताई इंजिन सुरू करून बघायला आल्या. आधी तपासणी. त्या आत बसल्या आणि आप्पांना त्यांनी इंजिनाकडून टॉर्च मारायला सांगितला. त्यांच्या पायाशी उजेडाचा ठिपका पडला.

"आप्पा, हे भोक कसलं?"

"देवाच्या दिव्याचं हाय की, ताई. बोटाएवढं बी न्हाय."

"आगीला तेवढं लई झालं."

"मग देवाला अंधारात ठिवू व्हय?" आप्पा चिडलेच.

"दिवा राहू दे, आप्पा. आतच सेलवर लावू. भोक तेवढं बुजवा."

आप्पा पुटपुटत राहिले, पण काम चोख केलं. स्टीलचं ठिगळ रिव्हेट मारून बसवलं, कडेच्या फटीत आगीला टिकणारा लेप भरला. मग विमान शेडबाहेर गवतात ढकललं, ताई आत बसल्या आणि इंजिन सुरू करायला घेतलं. थंड इंजिनात पेट्रोल जास्त गेलं, उलटा भडका उडाला आणि भक्कन आग लागली.

मित्रांनो, काय ती आग! एवढ्या जवळून तिला मी कधी पाहिलं नव्हतं. इंजिनावरचं झाकण मेणासारखं गळायला लागलं. ज्वाळा माझ्या अंगावरून फिरल्या, ठिगळापाशी घुटमळल्या, पण त्यांना वाट मिळाली नाही. मला भीती वाटली, आणि खरं सांगतो, त्या भयंकर रूपापुढे हात जोडावेसे वाटले. माझ्यामागे कल्याणीताईंनी पेट्रोल बंद केलं, स्विच पाडले आणि बाहेर उडी मारली. आप्पांनी आग विझवायचं नळकांडं तिच्यावर रिकामं केलं.

आग विझल्यावर ताई गवतात बसल्या. बूट-मोजे काढून आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

"भाजलं काय गं पोरी?" आप्पा धावत येऊन शेजारी बसले.

"न्हाय आप्पा. काय सुदिक झालं न्हाय."

आप्पांनी टॉवेलात तोंड लपवलं आणि ढसाढसा रडले.

त्या आगीनं मी वाकलो, काळानिळा पडलो. वाकलेला पत्रा पुन्हा विमानात घालत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. आज माझ्या जागी नवा पत्रा बसतोय. मित्रांनो, माझं काम झालं. त्याचं अजून व्हायचं आहे. 'एवढ्याशानं काय होतंय' असं म्हणून त्याला कुणी भोक पाडू नका. त्याच्या पाठीशी कुणाचे तरी पाय आहेत.