आईझाडं उपटली तो आठवडा

थोरली एकोणीस वर्षं शेवंतीचे शेंडे कापत होती. हरितगृहातल्या लांब वाफ्यांत आईझाडं असायची. त्यांचे कोवळे शेंडे सुरीने घ्यायचे, ट्रेमध्ये रोवायचे, मुळं धरली की रोपं विकायला जायची. तिच्याइतका भराभर हात कुणाचाच चालत नसे. शेजारच्या ओळीत तिची धाकटी जाऊ असे. तिचं तोंड हातापेक्षा जास्त चाले.

त्या वर्षी झाडं खुजी राहू लागली. पानं फिकट, फुलं बटणाएवढी. सुपरवायझरने खत बदललं, पाणी बदललं, मग बायकांवर ओरडून पाहिलं. शेवटी प्रयोगशाळेतल्या बाई येऊन पानं घेऊन गेल्या आणि दहा दिवसांनी अहवाल घेऊन परत आल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "हा व्हायरॉइड आहे. विषाणूहूनही साधा. विषाणूला निदान प्रथिनाचं कवच असतं, याला तेही नाही. आरएनएचा नुसता एक गोल धागा."

"अंगावर चिंधी नाही, आणि एवढी झाडं झोपवली मेल्याने!" धाकटी म्हणाली. दोघी-चौघी हसल्या.

थोरलीने विचारलं, "पसरतो कसा?"

"हातावरून, सुरीवरून. एका झाडाचा रस दुसऱ्याला लागला की झालं."

"पण मी दर ओळीला सुरी स्पिरिटमध्ये बुडवते. पहिल्या दिवसापासून."

"स्पिरिटला हा दाद देत नाही. ब्लीचचं पाणी लागतं. तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

औषध नव्हतंच. चार हजार आईझाडं उपटून, पिशव्यांत भरून जाळायची होती. पाच दिवस ते काम चाललं.

"जाऊबाई, टेका जरा," धाकटी म्हणाली. "झाडं काय पळून चाललीत?"

"टेकले तर उठायची नाही मी."

तिसऱ्या दिवशी थोरली मध्येच म्हणाली, "माझ्यापासूनच सुरू झालं असेल का गं?"

"पंधरा जणी कापतो आपण. तुमचंच नाव कशाला?"

"सगळ्यात जास्त मीच कापलं ना."

धाकटीने पिशवीचं दुसरं टोक धरलं आणि उचलू लागली.

हरितगृह तीन महिने बंद राहिलं. थोरली सकाळचा चहा हातात घेऊन बसायची, तो निवून जायचा.

"बरं नाही का?" नवऱ्याने विचारलं.

"दमलेय."

"काम तर बंद आहे."

"म्हणून तर कळतंय, किती दमलेय ते."

तपासलेली नवी झाडं आली तेव्हा पंधरातल्या नऊ जणीच परतल्या. आता प्रत्येकीला दोन सुऱ्या होत्या. एक हातात, एक ब्लीचच्या पाण्यात, आणि दर झाडाला अदलाबदल. हातमोजे घालूनही अंगाला तो उग्र वास चिकटून राही. थोरलीचं काम निम्म्यावर आलं. सुपरवायझरने ते चालवून घेतलं, तिनेही घाई केली नाही.

दोन महिन्यांनी प्रयोगशाळेतल्या बाई पुन्हा आल्या. सगळे नमुने स्वच्छ निघाले होते. धाकटीने टाळ्या वाजवल्या.

"परत कधी तपासणार?" थोरलीने विचारलं.

"आता दर महिन्याला."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे वळली.