हब्ब झाल्यावर बदलायची नळी

मी एक जुनी रबरी नळी आहे. वीतभर लांब, काळी, दिसायला अगदीच सामान्य. मित्रांनो, गाडीची कहाणी सगळ्यांना ऐकायची असते, नळीची कोण ऐकणार? पण या गोष्टीत गाडीपेक्षा माझाच हात मोठा आहे, म्हणून ती मलाच सांगावी लागते.

मैसूरच्या एका मराठी घरातल्या लाल गाडीत माझी उमेदीची वर्षं गेली. टाकीतून आलेलं पेट्रोल इंजिनात पोहोचवायचं, हे माझं काम. गाडी आधी खंडोजीरावांची होती. ते ती बेताने चालवत, त्यामुळे मलाही दगदग नव्हती. ते गेल्यावर घरात त्यांची मुलं, रक्षित आणि त्याची मोठी बहीण कांचन, अशी दोघंच उरली. गाडी रक्षितकडे आली आणि त्याला वेगाचं वेड लागलं.

मेटगळ्ळीच्या गॅरेजमध्ये शेषगिरीने गाडीला टर्बो बसवला, मोठा पंप घातला, इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली. आता तिला उसापासून होणारं इथेनॉल भरपूर मिसळलेलं पेट्रोल लागू लागलं. त्याने इंजिन थंड राहतं आणि जोर वाढतो. गाडी पहिल्यांदा नंजनगूडच्या रस्त्याला सुटली तेव्हा, खरं सांगते, मलाही मजा आली.

पण ते इंधन माझ्या जुन्या रबराला सोसेना. मी कडक होत गेले, अंगावर बारीक चिरा पडल्या. शेषगिरीने बजावलं होतं, "ही नळी इथेनॉलची नाही. नवी मागवलीय, ती येईपर्यंत गाडी उभी ठेव."

दसरा तोंडावर आला होता. रक्षितला आयुधपूजेला मित्रांपुढे गाडी मिरवायची होती.

"हब्ब होऊ दे, आमेले बदलू," तो म्हणाला. हब्ब म्हणजे सण आणि आमेले म्हणजे नंतर. या घरातलं मराठी असंच आहे, आणि या घरात 'नंतर' काही उजाडत नाही.

मी पाझरू लागले. मला बोलता येत नाही, वास सोडणं एवढंच माझ्या हाती. तो कांचनला आला.

"पेट्रोलचा वास येतोय की रे."

"सुम्ने, उगाच भितेस, अक्का. इथेनॉलचा वास तसाच असतो."

तिने धाकट्याचा शब्द खरा मानला, याचा मला आजही राग येतो.

आयुधपूजेला गाडी अंगणात उभी केली. झेंडूच्या माळा, कुंकू, चाकांखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. इंजिनाचीही पूजा व्हावी म्हणून रक्षितने बॉनेट उघडलं आणि गाडी चालू केली. पंपाचा दाब आला आणि मी उभी फाटले. कांचन नेमकी तेव्हा कापराची आरती घेऊन इंजिनावर वाकली होती. रक्षितने तिला मागे ओढलं, तोवर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

मी निम्मी जळाले. शेषगिरी मला फेकून देत होता, पण रक्षितने मागून घेतलं आणि घरच्या खिडकीत ठेवलं.

मित्रांनो, हौस करा, गाडीला हवं ते इंधन पाजा. पण ते ज्या नळ्यांतून जाणार, त्या आधी बदला. कुणी वास येतोय म्हणालं, तर गाडी बंद करून बघा. माझ्यासाठी नका करू, मी संपलेच आहे.

कांचनला कंगवा धरता येत नाही. सकाळी ती खिडकीपाशी बसते आणि रक्षित तिची वेणी घालतो. त्याला ती अजून जमत नाही. दुपारपर्यंत वेणी सुटते, आणि तो कामावरून येईपर्यंत ती मोकळ्या केसांनी तशीच बसून राहते.